अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरचा वाफा

पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं : लागणारा वेळ, एक दुपार. अवघडपणा, एक हातोडी.

एक म्हणजे तीनपैकी एक. तीन हातोड्यांची कामं जाणकारांनी करावीत, दोन हातोड्यांची धडधाकट माणसांनी, आणि एका हातोडीचं काम ज्याला दोन हात आणि एक रिकामी दुपार आहे अशा कुणालाही जमावं, असा त्या पुस्तिकेचा हिशेब. एगोन क्रेचमारकडे हात होते, आणि निवृत्तीनंतर दुपारी तर भरपूर होत्या. शिवाय त्याच्याकडे बत्तीस वर्षांची अब्रू होती. लागणाऱ्या सामानाच्या यादीत तिचा उल्लेख नव्हता, म्हणून त्याने ती घरी काढून ठेवली नाही.

‘घर-अंगणासाठी पन्नास सोप्या युक्त्या’ अशा नावाची ती पुस्तिका हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी फुकट ठेवलेली होती. युक्ती सतरावी : मालाखालची लाकडी पॅलेट आडव्या अंगावर उभी करायची, कोपऱ्यांत स्क्रूने जोडायची, आत माती भरायची, की झाला कमरेएवढा उंच वाफा. चित्रातली बाई त्या वाफ्यापाशी ताठ उभी राहून मुळे उपटत होती आणि हसत होती.

एगोनने चित्र बायकोला दाखवलं. गुडरूनने चष्मा लावला, नीट बघितलं आणि म्हणाली, “हिचा खुबा चांगला दिसतोय.”

गुडरूनचा चांगला नव्हता. मागच्या शरदात तो बदलून नवा बसवला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की चाला, उभ्या राहा, चर्चच्या गायनमंडळात हवं तेवढं गा, पण कमरेखाली वाकायचं नाही. आता ज्या बाईने बत्तीस वर्षं जमिनीत बोटं घातली तिला वाकू नका म्हणणं म्हणजे भजनी माणसाला टाळ वाजवा पण आवाज करू नका म्हणण्यासारखं. गुडरून पेरताना स्तोत्र गुणगुणायची. मुळ्याची एक सरी म्हणजे एक कडवं. गाजराचं बी बारीक, त्याला दोन कडवी. तिचे वाफे सरळ रेषेत असायचे ते दोरीमुळे नव्हे, चालीमुळे.

एगोनच्या हातचं मात्र काही जगत नसे. कुंपण त्याने छाटावं, वाटेवरचा दगड त्याने बसवावा, बागेतल्या झोपडीला रंग त्याने द्यावा. पण रोपाला त्याने हात लावला की रोप मान टाकायचं. त्यामुळे खुबा दुखायला लागून गुडरून वाकेनाशी झाली तसा ‘शांत कोपरा’ या भाड्याच्या बागांच्या वसाहतीतला त्यांचा सतरा नंबरचा तुकडा गवताने भरला. आणि वसाहतीचा पहिला नियम असा की तुकड्याचा एक तृतीयांश भाग खाण्याजोग्या पिकाखाली हवा. गेल्या जूनच्या पाहणीत चार चौरस मीटर कमी भरले. पहिली नोटीस आली. दुसरी आली की भाडेकरार संपतो, आणि बत्तीस वर्षांच्या बेरीच्या झुडपांसकट तुकडा रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळतो.

म्हणून हा वाफा. चित्रातला वाफा चार पॅलेटचा होता. चार चौरस मीटर भरायला एगोनला आठ लागणार होती. कामाची लांबी दुप्पट झाली, हातोडी एकच राहिली.

तो फरशीवाल्याकडून आठ पॅलेट हातगाडीवरून ओढत आणतोय, तोवर शेजारच्या तुकड्यातला मान्फ्रेड झाइडल कुंपणावर कोपर टेकून उभा होताच. झाइडलने आयुष्यात स्वतः काही बांधलं नव्हतं, त्यामुळे त्याचा सल्ला कुठेच अडायचा नाही.

“ठसा बघितलास का?”

“कसला ठसा?”

“लाकडावरचा. काही पॅलेटना विषाचा धूर दिलेला असतो. तू त्यात मुळे लावणार, गुडरून ते खाणार. मग पोलीस मला विचारणार, की तुम्ही शेजारी होतात ना?”

ठसे बघितले. पाच बिनविषारी, दोन अस्पष्ट, एक विषारी. हातगाडी परत. फरशीवाला म्हणाला, “अहो, लोक फुकट नेतात आणि गुपचूप जाळतात. वास घेऊन परत आणणारे तुम्हीच पहिले.” तीन नवी आणली. झाइडलने परत कोपर टेकलं.

“ही परतीची असतात. पुसलंस का, ही फरशीवाल्याची की ज्याने फरशी पाठवली त्याची?”

एगोन तिसऱ्यांदा गेला आणि ‘ही आठ पॅलेट श्री. क्रेचमार यांना राजीखुशीने दिली आहेत’ अशी चिठ्ठी सहीनिशी घेऊन आला. झाइडलने ती वाचली आणि तारीख नाही म्हणाला.

मग दुपारचा प्रश्न. पुस्तिका म्हणते एक दुपार. पण ‘शांत कोपऱ्या’त दुपारी एक ते तीन शांतता पाळायची असते, शनिवारी एकनंतर ठोकाठोक बंद, रविवारी तर देवाचा वार. तीननंतर सुरू करावं तर साडेचारला सगळी वसाहत कॉफी आणि केक घेऊन बाहेर बसते, आणि तेव्हा जो ड्रिल चालवील त्याच्याशी पुढल्या उन्हाळ्यापर्यंत कुणी बोलत नाही. उरला दीड तास. पुस्तिकेतल्या एका दुपारीला वसाहतीतल्या अकरा दुपारी लागल्या. अकराव्या दिवशी शेवटचा स्क्रू राहिला. बाराव्या दिवशी तेवढ्यासाठी तीनची वाट कशाला बघायची म्हणून तो जेवणाआधीच आला, तर एक वाजायला आला होता. एगोनने ड्रिल ठेवलं आणि साध्या स्क्रू-ड्रायव्हरने, हळू, जवळजवळ आदबीने, तो पिळत बसला. स्क्रू किंचित किंचाळला. दुसऱ्या दिवशी फाटकाला चिठ्ठी अडकवलेली होती : ‘काल १ वाजून ४ मिनिटांनी आपल्या तुकड्यातून धातूचा आवाज आला. शांततेची पाटी आपणच लावली होती, हे स्मरण असावं. एक शेजारी.’

पाटी त्यानेच लावली होती हे खरं. एगोन वसाहतीचा बावीस वर्षं चिटणीस होता. अजूनही त्याच्या विजारीच्या मागच्या खिशात घडीची लाकडी मोजपट्टी असायची. कुंपण सव्वा मीटरच्या वर गेलं, झोपडीचा ओटा हातभर पुढे आला, की एगोन क्रेचमार फाटकात उभा आणि पट्टी एकेक घडी उलगडत ‘टक, टक, टक’. त्या आवाजाने लोक घाईने सरळ बसायचे. त्याला वाटायचं, हा आदर.

वाफा मात्र देखणा झाला. गुडरून काठी टेकत आली, काठी बाजूला ठेवून दोन्ही तळवे लाकडाच्या कडेवर ठेवून उभी राहिली. एगोनने पट्टी लावली. पॅलेट ऐंशीची, दोन सेंटिमीटर मातीत रुतली, उंची अठ्ठ्याहत्तर.

“बरोबर इथंच,” ती म्हणाली. एवढंच. पण मग रिकाम्या पेटीवरून हात फिरवत ती गुणगुणायला लागली. सहा महिन्यांनी. एगोनने पाठ फिरवली आणि उगाच स्क्रू मोजायला लागला, कारण डोळ्यांत आलेलं पाणी झाइडलला दिसलं असतं तर त्याने त्यावरही काही सुचवलं असतं.

आता माती. पण पुस्तिकेप्रमाणे सगळ्यात खाली हवा फांद्यांचा थर, आणि एक मार्च ते तीस सप्टेंबर कुंपणाची मोठी छाटणी कायद्याने बंद, कारण पाखरं घरटी करतात. फांद्या नाहीत म्हणून थर नाही, थर नाही म्हणून माती नाही. एगोन रेल्वेरुळाच्या कडेने वाळक्या काटक्या वेचत हिंडला. आठवडा गेला. नवव्या दिवशी काटक्यांचा भारा घेऊन तो वाफ्याशी आला, तर पॅलेटच्या दोन फळ्यांमधून काहीतरी फुर्रकन् उडालं आणि झोपडीच्या पन्हाळीवर बसून शेपूट थरथरवायला लागलं.

थिरथिऱ्याची जोडी. आत, दोन फळ्यांच्या मधे, गवताची वाटी. वाटीत पाच पांढरी अंडी.

पाखरांना घरटं करू द्यायचं म्हणून त्याने कुंपण छाटलं नव्हतं. पाखरांनी कुंपण बघितलं आणि वाफा पसंत केला.

“हलवायचं नाही,” गुडरून म्हणाली.

“हलवायला परवानगीच नाही. फोन केला होता मी निसर्गरक्षण कचेरीत. पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही.”

“कधी उडतील?”

“जूनच्या मध्याला.”

“आणि पाहणी?”

“जूनच्या मध्याला.”

पिल्लं उडाली, पाहणीच्या दोन दिवस आधी. एगोन फावडं घेऊन धावला. मादी दुसऱ्या विणीला बसली होती. कचेरीतल्या बाई फोनवर आनंदाने म्हणाल्या, “दुसरी वीण! म्हणजे जागा फारच आवडली त्यांना. अभिनंदन!”

पाहणीला वसाहतीचा अध्यक्ष रोनी हाउबोल्ड आला. हा पस्तिशीतला, चाकाच्या मोजयंत्राने जमीन मोजणारा माणूस; सोबत दोन सभासद. चाक फिरलं. हाउबोल्डने वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग त्याने वाफ्याची उंची घेतली.

“क्रेचमारसाहेब, हे काय आहे?”

“वाफा.”

“यात काय लावलंय?”

“थिरथिरा,” झाइडल कुंपणावरून म्हणाला.

कुणी हसलं नाही. हाउबोल्ड तर इतका ओशाळला की एगोनला त्याची कीव आली. “साहेब, शनिवारी क्लबात या. फाइल बघून बोलू. मला तुमच्याशी असं फाटकात उभं राहून बोलायला बरं वाटत नाही.”

शनिवारी एगोन सदरा इस्त्री करून गेला. मनात बोलणं तयार होतं : बत्तीस वर्षं, खुबा, पाखरं, पुस्तिका. पुस्तिका त्याने पुराव्यादाखल बरोबर घेतली होती. क्लबाच्या हॉलमध्ये हाउबोल्डने जुनी फाइल उघडली आणि कलम नऊ, पोटकलम तीन वाचलं.

“‘जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरपेक्षा उंच असलेली व खिळ्याने वा स्क्रूने जोडलेली कोणतीही वस्तू, तिचा हेतू काहीही असो, बांधकाम समजली जाईल, ती लागवडीत धरली जाणार नाही.’ साहेब, माझा नाइलाज आहे. मी हे हजारदा वाचलं. ‘हेतू काहीही असो’ या तीन शब्दांनी सगळी दारं बंद केलीत.”

“त्यात दारंच आहेत,” एगोन म्हणाला. “तो नियम दारांसाठी होता. जुन्या दारांची जी ओबडधोबड खोकी उभी करतात, त्यांच्यासाठी. नीट वाचा.”

हाउबोल्डने फाइल फिरवून त्याच्यापुढे ठेवली. दारांचा शब्द कुठेही नव्हता. अक्षर मात्र ओळखीचं होतं. सरळ, रेघेवर बसलेलं, एकाही खाडाखोडीवाचून. खाली सही : ए. क्रेचमार, चिटणीस. साल अठ्ठ्याण्णव.

इतकी वर्षं एगोनच्या डोक्यात त्या कलमात दारं होती, कारण कलम लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे दारं होती. तुकडा नंबर एकतीस, एल्फ्रीडे वीगांड. विधवा, पाठीत बाक आलेला, गायनमंडळात गुडरूनच्या डाव्या हाताला उभी राहून खालच्या पट्टीत गायची. वाकवेना म्हणून बाईने घरातली चार जुनी दारं जोडून वाफा केला होता. दारांना कड्या तशाच होत्या. एगोनला ते दिसायला वाईट वाटलं. पण नियम नव्हता. मग त्याने नियम केला, आणि नियम मंजूर झाल्यावर पट्टी उलगडली. टक, टक. सेहेचाळीस.

वीगांडबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन दिवसांत स्वतः स्क्रू काढले, दारं फाटकाशी रचली, पुढच्या वर्षी तुकडा सोडला. त्यानंतर अकरा वर्षं त्या दर रविवारी गुडरूनच्या शेजारी उभ्या राहून गायल्या आणि या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. मग वारल्या.

एगोनने इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशातली पुस्तिका आत ढकलली. “काय करायचं?”

“दुसरी नोटीस मला द्यावीच लागेल. पण ऑगस्टअखेरची मुदत लिहितो. चाळीसवर आणा, माती भरा, काहीतरी पेरा. बसेल सगळं नियमात.”

घरी तो एवढंच बोलला की उंची जरा कमी करावी लागेल. गुडरूनने विचारलं नाही, कुणाच्या नियमाने. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात काही प्रश्न विचारले जात नाहीत ते उत्तर ठाऊक असतं म्हणून.

नऊ ऑगस्टला दुसरी पिल्लं उडाली. त्याच दिवशी, तीन वाजून एक मिनिटाने, एगोनने करवत काढली आणि लाकडावर चाळीसवर पेन्सिलीची रेघ मारली. गुडरून काठी टेकत आली. रेघेकडे बघत राहिली. रेघ तिच्या गुडघ्याच्या खाली होती.

“मला इथवर पोचता येत नाही, एगोन.”

“तू खुर्चीवर बस. मी गुडघ्यांवर बसतो. तू सांगशील तसं मी पेरतो. नियमाला काय, पेरलेलं दिसलं म्हणजे झालं.”

“एल्फ्रीडेला होतं का कुणी, गुडघ्यांवर बसायला?”

एगोनने करवत खाली ठेवली. झाइडलने कुंपणावरून कोपर काढून घेतलं.

“मी तेव्हाच म्हटलं होतं तुला,” गुडरून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर एगोनला सोपं गेलं असतं. “म्हटलं, एगोन, सहा सेंटिमीटर. तू म्हणालास, सहा ते सहाच. आज सहाला सोडलं तर उद्या साठ मागतील. अकरा वर्षं ती माझ्या शेजारी उभी होती. दर रविवारी मला वाटायचं, आज बोलेल. ती फक्त माझं पान चुकलं की बोटाने दाखवायची.”

“मग काय करू? सांग.”

“तुकडा सोडू या.”

“गुडरून! बत्तीस वर्षं!”

“तिची एकोणीस होती. कापू नकोस. आपण नियमाबाहेर आहोत ना? मग बाहेरच जाऊ या.”

त्याने समजावलं, चिडला, झाइडललाही मध्यस्थीला घातलं. काही उपयोग झाला नाही. ऑक्टोबरात बेरीची झुडपं, झोपडी आणि अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरचा वाफा रांगेतल्या पुढच्या जोडप्याकडे गेला. मूल्यमापन समितीने वाफ्यापुढे शून्य लिहिलं आणि शेरा मारला : ‘बांधकाम. सुबक.’

पुढे मार्चात वार्षिक सभा झाली. मानद सभासद म्हणून एगोन शेवटच्या रांगेत बसला होता. चिटणिसाला ताप आला होता. हाउबोल्ड जवळ आला. “साहेब, तुमचं अक्षर छान आहे. तेवढं इतिवृत्त लिहाल?” एगोन नाही कसा म्हणणार? जन्मभर त्याने दुसरं काय केलं होतं? सातव्या विषयात सतरा नंबरच्या नव्या बाईंचं पत्र वाचलं गेलं. त्यांना वाफा फार आवडला होता. तरुण कुटुंबांना वसाहतीकडे ओढायचं तर काळाबरोबर चालावं, असं त्यांनी नम्रपणे सुचवलं होतं. चाळीसऐवजी नव्वद. कुणाची हरकत? नाही. मंजूर. सगळं मिळून चार मिनिटं. एगोनने ते लिहून घेतलं. सरळ, रेघेवर, एकाही खाडाखोडीवाचून. नव्या बाई दारात भेटल्या, पंचविशीच्या, सरळ पाठीच्या. “वाफा तुम्ही केलात? काय नेमकी उंची आहे! एका दुपारीत होतो म्हणे?”

“एक हातोडी,” एगोन म्हणाला.

घरी गुडरून बटाटे सोलत होती. “चाळीसचे किती केले?”

“नव्वद.”

“वेळ?”

“चार मिनिटं.”

तिने तो बटाटा पुरा सोलला. मग म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर चल. एल्फ्रीडेच्या कबरीवर काही लावायचंय. यंदा मंडळात वाकू शकणारं कुणी उरलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एगोन क्रेचमार कबरस्तानातल्या ओल्या मातीत गुडघ्यांवर बसला. गुडरून काठीवर भार देऊन वर उभी. टोपलीत पॅन्सीची बारा रोपं. त्याचा हात सवयीने मागच्या खिशाकडे गेला.

“नको,” गुडरून म्हणाली. “मी गाते. ओळ संपली की रोप लाव.”

ती गायली. पण स्वतःची वरची पट्टी नाही. शेजारची, खालची गायली, जी तिने अकरा वर्षं डाव्या कानाने ऐकली होती. एगोन ओळ संपली की रोप लावत गेला. एक कडवं, एक सरी. तीन सऱ्या झाल्या. वाकड्या, पण झाल्या. त्याने मनातल्या मनात देवाला एकच विनवलं, एवढी बारा तरी मरू देऊ नकोस.

आणि देवाने ऐकलं. रोपं जगली. इतकी भरभरून जगली की तीन आठवड्यांनी दोघं पाणी घालायला गेली, तेव्हा दगडाला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. एगोनने वाचली, पुन्हा वाचली, आणि बायकोकडे दिली. ‘लागवड नेमून दिलेल्या कडेबाहेर गेलेली आहे. चौदा दिवसांत काढावी.’ खाली पेनने, काळजीपूर्वक, आकडा : ६ सें. मी.

गुडरून हसली. वर्षभरात पहिल्यांदा, इतकी की तिला खुबा धरून दगडाचा आधार घ्यावा लागला. एगोनला कळेना, हसावं की काय करावं. मग तो खाली बसला, पट्टी खिशातच राहू दिली, आणि अंदाजाने, हाताने, सहा सेंटिमीटर फुलं उपटायला लागला.